वनिता, मायनर, दिवाळीनंतर

गणपती पाण्यात गेले की आमच्याकडे खोक्यांचा सीझन सुरू होतो. तो ओळखायला भिवंडीच्या माणसाला कॅलेंडर लागत नाही. कंटेनरची रांग कोन गावाच्या अलीकडे येऊन ठेपली, टपऱ्यांमागे परमुलखातले ड्रायव्हर बादलीभर पाण्यात अंघोळी उरकताना दिसायला लागले आणि पिकत्या भाताच्या वासात पुठ्ठ्याचा वास मिसळला, की समजायचं, घटस्थापना जवळ आली. पुठ्ठ्याला वास असतो हे बाहेरच्या लोकांना पटत नाही. त्यांनी आमच्याकडे येऊन बघावं. तापलेल्या पत्र्याखाली नवी कोरी खोकी छतापर्यंत रचली की कोरडा, किंचित गोडसर, गिरणीतल्या कोंड्यासारखा वास सुटतो आणि तो संध्याकाळपर्यंत केसांतून जात नाही.

परवा सकाळी स्कूटीवरून ऑफिसला जाताना तो वास आला आणि मी हेल्मेटच्या आत एकटीच हसले. त्या वासाबरोबर मला एक जुना सीझन आठवतो. तसे सगळे सीझन सारखेच. ऑक्टोबरचा उकाडा, डोळ्यांत जाणारी धूळ, हॉर्नचा कल्ला आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी एकदम पडणारी शांतता. पण त्या एका सीझनला मी एका गोष्टीसाठी भांडले होते आणि जिंकले होते. जिंकलेलं भांडण माणूस लोणच्यासारखं मुरवत ठेवतो आणि अधूनमधून झाकण उघडून वास घेतो. आज मी झाकण उघडलंय.

मी चुका शोधते. हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे आणि तो मला उत्तम जमतो. उगाच विनय दाखवण्यात अर्थ नाही. गोदामात कुठलं खोकं कुठल्या फळीवर आहे, ते कुणी उचललं, कुठल्या गाडीत चढवलं, हे सगळं सांगणारं एक सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. प्रोग्रामर ते लिहितात, मी त्यात खोड काढते. आमचं ऑफिस गोदामातच, लोखंडी जिना चढून गेलं की पोटमाळ्यावर. तिथल्या काचेतून खालचं सगळं दिसतं. केशरी जाकिटं घातलेल्या बायका फळ्यांमधून भराभरा फिरत असतात. प्रत्येकीच्या हातात बारकोड वाचणारं मशीन असतं, त्याला सगळे गन म्हणतात. खोकं उचललं, गन रोखली, टीं. दिवसभर ते टीं, टीं चालू असतं आणि त्यावर चिकटपट्टी ओढल्याचा टर्र आवाज. आई म्हणते, "घरातल्या भाजीला खोड काढतंस तं आमी शिव्या देतो, तिकडं त्याचा पगार देतान. नशीब हाय एकेकाचं."

मोठ्या चुकांचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. मोठी चूक स्वतःच बोंब मारत येते. सगळं बंद पडतं, गाड्या दारात अडकतात, पाच माणसं धावतात आणि ती तासाभरात निस्तरली जाते. खरी मजा किरकोळ चुकांची. त्या कुणाला अडवत नाहीत. दाबलेलं बटण जरा रुसल्यासारखं करतं आणि मग ऐकतं. आकडा क्षणभर चुकतो आणि कुणी बघायच्या आत सुधारतो. अशा चुकांना आमच्याकडे ‘मायनर’ असा शिक्का मारतात. शिक्के तीन: क्रिटिकल, मेजर, मायनर. मायनरवाली चूक यादीत जाते आणि मग यादीतच म्हातारी होते.

प्रत्येक चुकीला एक नंबर मिळायचा. पाच आकडी. तो कुणाच्या लक्षात राहायचा नाही. मीटिंगमध्ये मी एका नंबराबद्दल बोलायची, प्रोग्रामर तौसिफ दुसऱ्याच नंबराबद्दल उत्तर द्यायचा आणि आमचे लीड निखिल सर तिसराच नंबर बंद करून टाकायचे. हा सावळागोंधळ बरेच दिवस चालला. एकदा मी वैतागून म्हणाले, "अरे तो रिपोर्ट, संध्याकाळ झाली की उद्याची तारीख दाखवतो तो! आमच्या आळीतला उद्या म्हात्रे!"

तौसिफने विचारलं, "ये उद्या म्हात्रे कौन है?"

मग मला सांगावं लागलं. आमच्या आळीत अर्धी घरं पाटलांची, उरलेली म्हात्र्यांची. नुसत्या आडनावावर कुणाचा पत्ता लागणं अशक्य. म्हणून ज्याची जी खोड, ते त्याचं नाव. उद्या म्हात्र्यांनी आजवर कुठल्याही कामाला आज म्हटलेलं नाही. घड्याळ पाटलांच्या मनगटावर घड्याळ असतं, ते नेहमी मागे असतं आणि तरी ते लोकांना वेळ सांगत सुटतात. आमचे बाबा मीठ पाटील, कारण पहिला घास तोंडात जायच्या आधी ते मीठ मागतात. त्यांना याचा राग नाही. "नाव परलं म्हंजे मानूस गावानं आपला धरला," असं ते म्हणतात आणि पुन्हा मीठ मागतात.

तौसिफला हे भारी आवडलं. तो टेमघरचा, मागावरच्या घरातला. त्याचे अब्बू आधी दुसऱ्यांचे लूम चालवायचे, मग स्वतःचे घेतले. बोलताना हा मुलगा एका वाक्यात मराठी आणि हिंदीची वीण अशी घालतो की उकलायला जाऊ नये. त्या दिवसापासून त्याने नंबर सोडून दिले. उद्या म्हात्र्यांचा झाला ‘उद्याकाका’. बोट जवळ नेलं की बाजूला सरकणाऱ्या बटणाला ‘लाजाळू’. पडदा मध्येच करडा पडायचा, कशालाही हात लावू द्यायचा नाही आणि वेळ भरली की आपोआप मोकळा व्हायचा, त्याला ‘सुतक’. एक भाग असा होता की तो आधी चालू केला नाही तर बाकीचे चालायचेच नाहीत, ती ‘मोठी जाऊ’. सगळी माणसं ताटकळली की मग दिमाखात छापून येणारं लेबल, तो ‘नवरदेव’.

नावं पडली आणि मग जाती पडल्या. मी स्वभावावरून गट पाडले. खोडकर, आळशी, विसराळू आणि मानी. मानी चुका सगळ्यांत अवघड, कारण त्या प्रोग्रामरसमोर कधीच होत नाहीत. तो खुर्ची सोडून गेला की होतात. हे गट कुठल्या पुस्तकात नव्हते, पण त्यांनी काम सोपं झालं. ‘आळशी आहे’ म्हटलं की तौसिफला कळायचं, कुठेतरी काहीतरी उगाच वाट बघत बसलंय. ‘विसराळू’ म्हटलं की तो वेगळीकडे बघायचा. मीटिंगा निम्म्या वेळात संपायला लागल्या. निखिल सर पुण्याच्या वळणाचे, शिस्तीचे. त्यांनी आधी नाक मुरडलं आणि पुढच्याच आठवड्यात स्वतः विचारलं, "जाऊबाई कशा आहेत आज?"

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. ज्याला नाव दिलं त्याच्यावर माया बसते. उद्याकाका दुरुस्त झाला त्या दिवशी तौसिफने सगळ्यांसाठी वडापाव आणले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काका का तेरावा है, खा लो." आम्ही हसत हसत खाल्लं, पण जरा चुकल्यासारखं वाटलंच. नंबराला कुणी कधी वडापाव घातला नसता.

आणि असाच एक होता ‘पाहुणा’. तो तौसिफचा लाडका. गोदामात काही जागी नेटवर्क पोचत नाही. तिथे वाचलेली खोकी गन आपल्या पोटात ठेवते आणि नेटवर्क सापडलं की मोजून टाकते. पण मधल्या वेळात ती गन दुसऱ्या बाईच्या हातात गेली, तर खोकी त्या दुसरीच्या नावावर मोजली जायची. पहाटे हिशेब जुळवणारा एक प्रोग्राम चालायचा, तो सगळी खोकी ज्याच्या त्याच्या घरी परत पाठवायचा. म्हणजे खोकी एका रात्रीपुरती परक्या घरी राहून सकाळी परत. म्हणून पाहुणा. एकूण बेरीज कधीच चुकायची नाही. गट विसराळू, शिक्का मायनर. तो शिक्का मारताना कुणी मान वर करून पाहिलंही नाही.

मग तो सीझन आला. नवरात्राच्या तोंडावर आमच्याकडे फ्रीझ लागतो. म्हणजे दिवाळीपर्यंत सॉफ्टवेअरला कुणी बोट लावायचं नाही. गर्दीच्या दिवसांत दुरुस्ती करायला जावं आणि भलतंच मोडून बसावं, असं नको म्हणून. फक्त क्रिटिकल असेल तरच हात घालायचा, बाकी सगळं दिवाळीनंतर. नियम चांगला आहे आणि मी आजही त्याच्या बाजूने बोलेन. त्याच सीझनला गोदामवाल्यांनी दारापाशी एक मोठा टीव्ही लावला. पाळी संपली की त्यावर बायकांची नावं यायची, कुणी किती खोकी काढली त्या क्रमाने. वरच्या नावांना टाळ्या. तळाच्या नावांना ठेकेदाराचा माणूस बाजूला घेऊन सांगायचा, उद्या नको येऊ.

एका दुपारी लोखंडी जिना धाडधाड वाजला आणि केशरी जाकिटातली एक बाई सरळ माझ्या टेबलापाशी आली. काटक बांधा, कपाळावर घाम, हातात गन. गनच्या मुठीला काळा दोरा बांधलेला.

"म्याडम, ही गन बाधलीय."

"कुणी बाधली?"

"त्या सांजच्या पाळीवाल्या बाईनं. मी मरमर मरते आनी तिचं नाव वर जातं. माझं तळाला. काल तळाला, परवा तळाला. दोरा बांधला, लिंबू उतरवून टाकला, तरी फरक न्हाय."

ही वनिता. अंबाडीच्या पुढच्या एका गावची. कंपनीची बस अंबाडी नाक्यावरून या बायकांना उचलते. मी तिला काचेतून ओळखत होते, कारण सगळ्या फ्लोअरवर तोंडाचा पट्टा एकटीचाच चालू असायचा. आदल्या सीझनला हात तिचा सगळ्यांत चलाख ठरला म्हणून ठेकेदाराने त्या सीझनला तिला मुद्दाम मागच्या रांगेत घातली होती, जिथे कुकर, मिक्सर, इस्त्र्या अशी वजनदार खोकी असतात.

"ठेकेदाराचा मानूस बोलला, आजचा दिस बघतो. आज पन तळाला आलीस तर बस," ती म्हणाली. "एकदा काढलं का मंग या सीझनला परत घेत न्हाईत. घरी भात कापनीला आलाय. मी सासूला बोलले, यंदा मी कापनीला न्हाय, मी कंपनीत जाते. जावेला माझ्या जागी उभी केली. आता हितनं पन हाकललं तर घरी काय सांगू? हात चालंना म्हनून?" नोकरीइतकंच तिला ते शेवटचं वाक्य लागलं होतं. ज्या बाईची ओळखच हात चलाख अशी, तिला अख्ख्या पाळीसमोर सुस्त ठरवलं होतं.

मी तिच्याबरोबर खाली उतरले. मागच्या रांगेत पंख्याचा वारा पोचत नाही. पत्रा डोक्यावर तडतडत होता, कुकरच्या खोक्यांना हात लावला तरी गरम. वनिता बोलत होती आणि काढत होती, काढत होती आणि बोलत होती. टीं, टीं, टीं. आवाज बरोबर येत होता. पण गनवरचा बारीक हिरवा दिवा लागत नव्हता. तो लागला की समजायचं, आकडा पोचला. सकाळची खोकी ती जेवायला बाहेर आली की पोचायची, पण दुपारनंतरची सगळी गनच्या पोटात साठत होती. पाळी संपली की ती धावत दारापाशी यायची, कारण बस उभी असायची, आणि गन पुढच्या बाईच्या हातात द्यायची. गनला नेटवर्क सापडेपर्यंत त्या बाईने आपला नंबर टाकलेला असायचा.

मला हसू यायला हवं होतं, कारण मी त्याला चेहऱ्याने ओळखत होते. पाहुणा. पहाटे सगळी खोकी वनिताच्या नावावर परत यायची, अगदी चोख. पण टीव्हीवरची यादी संध्याकाळी लागायची आणि ठेकेदाराचा माणूस पहाटेचा हिशेब बघायला थोडाच येतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी वर येऊन त्याच पावली निखिल सरांना गाठलं. तौसिफही तिथेच होता.

"पाहुणा क्रिटिकल करा," मी म्हणाले.

तौसिफ हसायलाच लागला. "प्राची, तू पण ना! वो बेचारा पाहुणा आहे. सुबह तक घर येतो ना परत?"

"एकूण आकडा बरोबर आहे?" निखिल सरांनी विचारलं.

"आहे."

"सकाळी प्रत्येकीचा आकडा बरोबर असतो?"

"असतो."

"मग मायनर. फ्रीझ आहे. दिवाळीनंतर बघू."

मी वनिताचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ते ऐकणारे आहेत. ठेकेदाराच्या माणसाला फोन करून दोन दिवस थांबायला सांगितलं. पण शिक्का बदलायला ते तयार होईनात. एकीसाठी फ्रीझ मोडला तर उद्या सगळेच मोडायला येतील, असं त्यांचं म्हणणं. यात चूक काही नव्हती, म्हणूनच मला जास्त राग आला. आणि खरा राग त्या नावाचा आला. ‘पाहुणा’ म्हटलं की समोर चपला काढून बसलेला, चहाची वाट बघणारा भला माणूस येतो. त्याला घराबाहेर काढा असं कोण म्हणेल? ते नाव मीच तर टाळ्या वाजवून पसंत केलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमची बरीचशी जमीन गोदामांखाली गेली, पण बांधाकडेचा एक तुकडा बाबांनी हट्टाने राखलाय आणि तिथे भात लावतात. सकाळी मी त्यांच्यासाठी भाकरी घेऊन गेले. अर्ध्या शेताची कापणी झालेली, कापल्या भाताची करपं उन्हात पसरलेली, पलीकडे गोदामाची निळी भिंत आणि तिच्या सावलीत वाकलेली माणसं. बाबा बांधावर टेकले. मी विचारलं, "बाबा, एखाद्याला पडलेलं नाव बदलता येतं का हो?"

"कोनाचं बदलाचं हाय?"

मी त्यांना पाहुण्याची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हात पुढे करून मीठ मागितलं. मग म्हणाले, "आपला घड्याल पाटील. सगला गाव त्याला हसतो. त्याची बायको हसताना पायलीस कधी?"

"नाही."

"ती कशाला हसंल, बाय? तिची यष्टी चुकते."

एवढं बोलून ते मजुरांवर ओरडायला उठून गेले. त्यांना वाटलं, त्यांनी नुसती थट्टा केली. मी मात्र त्या बांधावर बसूनच राहिले. आम्ही सगळ्या नावांत चूक कशी दिसते तेच पाहिलं होतं, लाजते, रुसते, उशिरा येते. ती कुणाला डसते हे एकाही नावात नव्हतं. स्वभावाचे चार गट मी मोठ्या हौसेने पाडले, पण चारही गट चुकीच्या बाजूने. कापलेल्या भाताचा ओला, हिरवट वास येत होता आणि मला कामावर जाण्याची एवढी घाई आजवर कधी झाली नव्हती.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि यादी उघडली. ‘पाहुणा’ हा शब्द खोडला आणि त्या जागी दुसरा लिहिला. बाकी काही बदललं नाही. शिक्का तोच ठेवला.

दुपारच्या चहाला मीटिंग. निखिल सर रोजच्यासारखे यादी मोठ्याने वाचत गेले, हातात कप. "लाजाळू, मायनर, दिवाळीनंतर. सुतक, मायनर, दिवाळीनंतर. वनिता, मायनर, दिवाळी..."

ते थांबले. स्वतःचाच आवाज ऐकून थांबले. पुन्हा यादीकडे पाहिलं.

"ही वनिता कोण?"

मी उठून काचेपाशी गेले आणि बोट दाखवलं. खाली वनिता एका हाताने कुकरचं खोकं तोलत दुसऱ्या हाताने कुणालातरी तावातावाने काही समजावत होती. "ती," मी म्हणाले. "आज संध्याकाळी तळाला येईल. उद्यापासून घरी."

"प्राची, हे असं माणसाचं नाव लिहिणं नियमात बसत नाही."

"पुढचं बसतं का, सर? तिच्या नावापुढचं?"

सरांना उलट बोलायची सवय मला आहे, पण इतक्या शांतपणे नाही. सर कप हातात धरूनच काचेपाशी आले आणि खाली बघू लागले. त्यांना पुन्हा यादी वाचायला घेता येईना. ते तीन शब्द एकापुढे एक उच्चारणं त्यांना जमत नव्हतं आणि मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला.

आधी तौसिफ बोलला. पाहुणा त्याने लिहिलेल्या भागातला, त्यामुळे त्याचा चेहरा पडला होता. "अब्बू के यहाँ पण हे व्हायचं," तो म्हणाला. "एकाच मागावर दिवसाचा कारागीर, रातचा कारागीर. कापड तर एकच चाललंय. मग कुणाचं किती, यावरून रोज झगडा. म्हणून शिफ्ट बदलली की अब्बू कापडावर खडूची रेघ मारायचे. रेघ के इधर का तेरा, उधर का उसका. रेघ मारल्याशिवाय दुसरा मागाला हात नाही लावणार." मग तो स्वतःशीच म्हणाला, "मैंने रेघ ही नहीं मारी, यार."

दुरुस्ती तेवढीच होती. वाचतानाच प्रत्येक खोक्यावर वाचणारीचं नाव चिकटवायचं. मग गन कुणाच्याही हातात जावो. तौसिफने चहा अर्धवट टाकला आणि लिहायला बसला. निखिल सरांनी गोदामवाल्यांना फोन लावला. फ्रीझ मोडायची परवानगी मागताना त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "नाही, मायनर नाही," ते म्हणत होते, "माझ्या समोर दिसतेय मला." त्या संध्याकाळी ते स्वतः टीव्हीखाली उभे राहिले आणि वनिताचं नाव तळाला आलं तेव्हा ठेकेदाराच्या माणसाला म्हणाले, हा आकडा खोटा आहे, खरा उद्या बघ.

दुसऱ्या संध्याकाळी वनिताचं नाव वरच्या चारांत होतं. मी टाळ्या वाजवल्या, तौसिफने शिट्टी मारली. ती मात्र कमरेवर हात ठेवून टीव्हीकडे बघत राहिली.

"पयला का न्हाय?"

"कारण तू बोलतेस फार," मी म्हणाले.

मग मी तिला सगळं सांगितलं. कशी गन खोकी पोटात ठेवायची, कसं ते कुणाच्या लक्षात येईना, कसं मी त्या चुकीला तिचं नाव दिलं. मला वाटलं, खूश होईल. ती भडकली.

"माझं नाव? त्या बिघाडाला? आनी आता तो बिघाड मेला बोलता! म्हंजे माझ्या नावानं मेला?"

"अगं, तसं नाही..."

"तसंच हाय. चहा पाजा. पाप फिटंल."

आम्ही टपरीवर गेलो. बसवाला हॉर्न मारत होता आणि वनिता बशीत ओतून चहा पीत होती, अजिबात घाई न करता. गनचा काळा दोरा तिने सोडून मनगटाला बांधला होता. दोऱ्यानेच काम केलं अशी तिची आजही पक्की समजूत आहे. मी वाद घालत नाही.

त्यानंतर आमच्या यादीत एक नवा रकाना आला. शिक्का लावायच्या आधी तो भरावा लागतो: ही चूक कुणावर येते? बाईचं, माणसाचं, खरं नाव लिहायचं. कोण ते ठाऊक नसेल तर खाली जाऊन शोधायचं. लाजाळू आणि जाऊबाई अजून आहेत, ती नावं कोण सोडणार! पण त्यांच्या पुढे आता एकेक माणूस उभं असतं. बोलताना त्या रकान्याला सगळे ‘वनिता’ म्हणतात. "याची वनिता भरलीस का?" "याला वनिताच नाही, टाक मायनर." मध्यंतरी नव्याने आलेल्या एका प्रोग्रामरने गंभीरपणे मला विचारलं की वनिता हे कुठल्या इंग्रजी शब्दांचं संक्षिप्त रूप आहे. तौसिफने त्याला भलताच अर्थ सांगितला आणि तो त्याने लिहूनही घेतला.

यंदाचा सीझन परवा लागला. ऋतुजा म्हणून एक नवी टेस्टर आली आहे, डोंबिवलीची, हुशार, जरा धांदरट. काल दुपारी ती गन घेऊन फ्लोअरवर उभी होती आणि मी काचेपाशी. तिला एक बारीकशी चूक सापडली होती. मागच्या रांगेतली यादी गनवर दाखवताना शेवटची ओळ पडद्याच्या खाली जाते, बोटाने ओढली तरच दिसते. ती खालूनच तौसिफला हाक मारून म्हणाली, "काही नाही हो, छोटंसंच आहे. मायनर टाकू?"

तौसिफ जिन्यात आला आणि कठड्यावरून वाकून ओरडला, "पहले ये बता, इसमें वनिता कौन है?"

कुकरच्या खोक्यांआडून आवाज आला, "मी हाय! काय झालं?"

आणि ती बाहेर आली. गळ्यात शिट्टी, आता ती लाइनीची लीडर असते, मनगटाला विटलेला काळा दोरा. ऋतुजाने तिच्याकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने मायनरवरचं बोट उचललं, गन वनितापुढे धरली आणि विचारलं, "मावशी, ही शेवटची ओळ तुम्हाला दिसते का?"